रकाना चौथा : मूळ

ओउलूत जूनमध्ये अंधार पडत नाही,
त्यामुळे पहिला आठवडा नक्की कधी संपला
ते मला सांगता येणार नाही.
गळ्यात हिरवी पट्टी. कायमच्यांची निळी.
हिरवीला चार दारं उघडतात,
पाचवं लाल दिवा लावून विचारतं, कोण गं तू?
खुर्ची प्रिंटरशेजारी, म्हणून
कागद अडकला की सगळ्यांना माझं नाव आठवतं.
ऊना, जरा बघतेस?

दुसऱ्या आठवड्यात खोली दाखवली.
भिंतींना कान असतात म्हणतात,
इथल्या भिंतींना नुसती तोंडं :
निळ्या फेसाचे हातभर सुळके, छतापासून खालपर्यंत,
येईल ती लहर गिळणारे, ढेकरही न देता.
मध्ये फिरता पाट. पाटावर
अजून बाजारात न आलेला फोन.
एक अंश वळतो, थांबतो, मी आकडा बघते.
एक अंश वळतो, थांबतो.
तीनशे साठ वेळा.
आईनं केमीहून विचारलं, तिथे करतेस तरी काय?
म्हटलं, फोन भाजते,
सगळ्या बाजूंनी सारखा.

जेवणाच्या सुट्टीत पाट थांबतो,
यंत्र मात्र रिकाम्या खोलीची नोंद घेत राहतं.
त्या नोंदीत ते टोक.
रोज बारा-दहाच्या सुमारास
सपाट रेषेतून सुईसारखं वर,
साडेबाराला गायब.
आधी मी स्वतःवरच घेतलं. केबल बदलली,
जोड घट्ट केले, सैल केले, पुन्हा घट्ट केले,
मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं,
एकदा तर दाराशी श्वास रोखून उभी राहिले,
माझ्यातूनच काही निघत असेल तर.
मार्केता म्हणाली, मूळ शोध.
एवढंच. पण सहा आठवड्यांत पहिल्यांदा
कुणीतरी मला असं काही विचारलं होतं
ज्याचं उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं.

गुरुवार होता. खाली वाटाण्याचं सूप.
मी गेले नाही.

खोलीच्या कोपऱ्यात, लाकडी फळीवर, रेइयो.
एकतीस वर्षांपूर्वी यातले अर्धे सुळके
त्यानंच हातानं चिकटवलेले.
दिवसाला चार शब्द बोलतो,
त्यातले दोन ‘बरं’ आणि ‘बरं’.
मांडीवर राईचा पाव, चीज, काकडी.
माझ्या हातातला मापक त्याच्याकडे वळला
आणि आकडा चढला.
त्यानं मापकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
मग डाव्या कानातून काढून
तळहातावर ठेवलं :
वाटाण्याएवढं, त्वचेच्याच रंगाचं,
लहरींवर चालणारं.

वर सगळे एकदम बोलतात, तो म्हणाला,
मला नुसती भांडी ऐकू येतात.
इथे निदान कळतं,
ऐकू येत नाही ते ऐकण्यासारखं काही नाही म्हणून.

इतकं लांब वाक्य बोलून तोच दचकल्यासारखा दिसला.
मी काय बोलावं?
मला त्यानं काकडीची फोड दिली. मी खाल्ली.
त्या खोलीत काकडीसुद्धा
आपल्याच डोक्यात कुरकुरते.

नोंदवहीत तारीख, वेळ, तीव्रता भरली.
चौथा रकाना कोरा ठेवला.
चार दिवस कुणाला कानोकान कळू दिलं नाही,
मार्केताला म्हटलं, शोधतेय.
खोटं बोलायचं प्रशिक्षण
कराराच्या कुठल्याच कलमात नव्हतं,
म्हणून ते जमलंही नाही नीट.

पाचव्या दिवशी वही उघडली तर
पेन्सिलीनं, लहान तिरप्या अक्षरात :
मूळ – रे. चा डावा कान.
उपाय – बाहेर काढून ठेवणे.
खाली सही. आणि आणखी खाली, खोडून पुन्हा लिहिलेलं :
शोधणारी – ऊना.

ऑगस्टच्या शेवटी पट्टी परत केली.
प्रमाणपत्रात स्पेलिंगची एक चूक आहे, असू दे.
बाहेर पहिल्यांदाच नीट अंधार पडलेला,
दिवे लागलेले, सायकलींच्या सीटवर दव.
बसथांब्यापर्यंत रेइयो बरोबर आला.
तो काही बोलला नाही, मी बरीच बोलले,
पाचव्या दाराबद्दल, प्रिंटरबद्दल, कुठल्या कुठे.
त्याच्या उजव्या बाजूनं चालत होते.